आई, तारीख घेतली आहे

ती. आई-बाबांना,
सा. न.

फोनवर सांगितलं असतं तर आईने "बरं, बघू" म्हणून फोन ठेवला असता, म्हणून लिहितेय. बाबा, नेहमीसारखं मोठ्याने वाचून दाखवा. आई, मध्येच गॅस बघायला उठायचं नाही.

आई, तुझ्या खुब्याचा सांधा बदलायच्या ऑपरेशनची तारीख घेतली आहे. गौरी-गणपती झाल्यावरचा दुसरा आठवडा. पैसेही भरले. आधी विचारायला हवं होतं, कळतं मला. पण विचारलं असतं तर दिवाळी आडवी आली असती, मग कुणाचं तरी लग्न, की परत पुढचा उन्हाळा.

दोन वर्षं आपण गुडघ्याला तेल चोळत बसलो आणि गुडघ्याचा एक्स-रे मात्र चांगला! खुब्याचं दुखणं असंच फसवतं, जांघेत उठतं आणि मांडीवरून गुडघ्यापर्यंत उतरतं. डॉक्टरांनी तुला उताणं झोपवून पाय आत वळवला, तेव्हा तू माझा हात किती जोरात दाबलास. मला मागची दिवाळी आठवली. पायाची नखं काढून दे म्हणालीस आणि मी "राणीसरकार" म्हणून चिडवलं. तुला वाकताच येत नव्हतं गं. तेव्हाच कळायला हवं होतं.

मांडीच्या हाडाचा गोळा आणि त्याची वाटी यांच्यात एक्स-रेमध्ये फट दिसायला हवी. ती कूर्चेची, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत गादीची जागा. तुझ्या उजवीकडे ती उरलेलीच नाही, हाडावर हाड घासतंय. झिजलेली कूर्चा कुठल्याही गोळीने परत येत नाही. व्यायाम, काठी, वजन कमी करणं यांनी दुखणं आटोक्यात राहतं, आणि ते सगळं तू वर्षभर केलंस, चार किलो उतरवलेस. पण आता कूस बदलताना जाग येते म्हणे. (बाबांनीच सांगितलं, त्यांच्यावर चिडू नकोस.) मग अजून किती थांबायचं?

सांधा बदलणं हे कालपरवाचं खूळ नाही. तू पाटीवर अक्षरं गिरवत होतीस, तेव्हा १९६२ साली इंग्लंडात जॉन चार्नली नावाचे सर्जन धातूचा गोळा आणि प्लॅस्टिकची वाटी बसवत होते. आज दहातल्या जवळजवळ नऊ जणांचा सांधा पंधरा वर्षं तरी टिकतो. धोका अजिबात नाही असं म्हणणार नाही. जंतुसंसर्ग होऊ शकतो, पायात रक्ताची गुठळी होऊ शकते. म्हणून तर रक्त पातळ करणारं औषध देतात आणि दुसऱ्याच दिवशी, कधी त्याच दिवशी, वॉकर देऊन उभं करतात.

नंतर माझ्याकडेच राहायचं. कमोडवर उंच सीट बसवून घेतली, पलंगही उंच केला. सहा आठवडे घरूनच काम करणार आहे. चहात आलं किसून घालीन, ठेचून नाही. तुझी ती गोधडी आणीन.

एक वेडा प्रश्न डॉक्टरांना विचारलाच. मी पाच वर्षांची होईपर्यंत तुझ्या उजव्या कडेवर असायचे, त्याने तर नाही ना झालं? ते हसले, नाही म्हणाले. तरी मला त्या रात्री झोप लागली नाही.

आता ऐका. काठी डाव्या हातात, दुखऱ्या बाजूला नाही. दुकानातून आणलेली ती दुखण्याची गोळी बंद, तुझ्या बीपीला आणि किडन्यांना ती चालत नाही. बीपीच्या गोळीला मात्र स्वतःच्या मनाने हात लावायचा नाही. किडलेली दाढ आधी दाखवून घे, तोंडातला संसर्ग नव्या सांध्यापर्यंत जाऊ शकतो. गौरींचा नैवेद्य ओट्यापाशी उंच स्टुलावर बसून कर, नाहीतर काकूला करू दे. गौरी रुसणार नाहीत.

तुमची,
छकुली

ता. क. बाबा, एवढं मनातल्या मनात वाचा: पाट आणि ती बुटकी खुर्ची आजच माळ्यावर टाका, आणि शिडी शेजाऱ्यांकडे ठेवा.