मंत्रिमहोदय, आठवी-नववीच्या पोरांना इसापनीती पुरत नाही

प्रति,
मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,
सप्रेम नमस्कार.

डॉ. कलामांच्या जयंतीला, 15 ऑक्टोबरला, आपल्याकडे वाचन प्रेरणा दिन होतो. 2015पासून होतो आहे. त्या दिवशी आमच्या भागातल्या हायस्कुलांत कपाट उघडतं, टेबलावर पुस्तकं मांडली जातात, प्रतिमेला हार घातला जातो, पोरांच्या हातात एकेक पुस्तक येतं. फोटो निघतो, ग्रुपवर जातो आणि शाळा सुटायच्या आत पुस्तकं परत कपाटात जातात. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात ड वर्गाचं, म्हणजे सगळ्यात खालच्या वर्गातलं, सार्वजनिक वाचनालय सांभाळते. फोटोतली ती पोरं संध्याकाळी माझ्याकडे येतात, म्हणून हे पत्र लिहिते आहे.

पोरं वाचत नाहीत, मोबाईलनं बिघडली, असं प्रत्येक सभेत कोणीतरी म्हणतंच. माझा अनुभव तसा नाही. आठवी ते दहावीच्या पोरांच्या हाती आपण वाचण्याजोगं काही देतच नाही, आणि जे देतो ते त्यांना लहान समजून देतो. शाळांच्या कपाटात काय असतं? सचित्र इसापनीती. थोर माणूस पाळण्यातच थोर होता असं सांगणारी पातळ चरित्रं. झाडे लावा छापाचे निबंध. सामान्यज्ञानाची प्रश्नोत्तरं. आणि वाचक कोण? बापाचं पीककर्ज कधी नवं-जुनं करायचं ते ज्याला ठाऊक आहे, सातबारा काढायला जो स्वतः तहसिलीत जाऊन रांगेत उभा राहतो, असा चौदा वर्षांचा पोरगा. त्याला लबाड कोल्ह्याची गोष्ट देऊन खाली तात्पर्य लिहून द्यायचं! तो पुस्तक मिटतो, यात त्याचं काय चुकलं?

दुसऱ्या टोकाला माझं वाचनालय आहे. तिथे जागा अडवून बसलेत ते पोलीस भरती, तलाठी भरती आणि वनरक्षकाचे गाईड. त्यांना माझी ना नाही, त्यावर घरं उभी राहतात. पण इसापनीती आणि पोलीस भरती यांच्या मधली चार-पाच वर्षं अगदी रिकामी आहेत.

ती भरायला पुस्तकं नाहीत असंही नाही. ‘पाडस’ घ्या. मूळ अमेरिकन कादंबरी, 1939चं पुलित्झर मिळालेली. राम पटवर्धनांनी ती मराठीत आणली. जंगलाकाठी शेती करणारं एक गरीब कुटुंब आहे, त्यातला पोरगा हरणाचं पिल्लू पाळतो. पिल्लू मोठं होतं आणि घरचं पीक खाऊ लागतं. पीक गेलं तर घर उपाशी राहणार. मग बाप पोराला सांगतो, त्याला गोळी घाल. गोष्ट फ्लोरिडातली आहे, पण आमच्याकडे ती कोणाला समजावून सांगावी लागत नाही. रोह्यांचा, म्हणजे नीलगायींचा, कळप एका रात्रीत हरभरा फस्त करतो, थंडीत बाप जागलीला जातो, सकाळी पंचनाम्यासाठी धावाधाव होते, हे सगळं पोरांच्या घरातलंच आहे. नववीतल्या एका पोराला मी ते पुस्तक दिलं. काही दिवस तो फिरकला नाही. मग आला, पुस्तक टेबलावर ठेवलं आणि माझ्याशी भांडायलाच लागला. “मावशी, त्याच्या बापानं बरोबर केलं का चूक केलं, ते यात लिहेलच नाही!” मी म्हटलं, तूच सांग. तो सांगेना. ओट्यावर बसलेल्या दुसऱ्यानं सांगितलं, की बापाजवळ दुसरा इलाजच नव्हता. तिसरा म्हणाला, कुंपण उंच करायचं होतं. (कुंपण त्या बिचाऱ्यानं उंच केलेलं असतं, पण तिसऱ्यानं पुस्तक वाचलंच नव्हतं. वादासाठी म्हणून त्यानं नंतर नेलं.) महोदय, खाली तात्पर्य छापलं असतं तर हा वाद झाला असता का?

‘धग’चंही तसंच. उद्धव शेळक्यांची ही कादंबरी 1960ची, अमरावती जिल्ह्यातल्या खेड्यातली. महादेव शिंप्याची बायको कौतिक संसार तगवण्यासाठी मरमर राबते, आणि नवऱ्याला महारोग होतो. ही पोरांची पुस्तकं नव्हेत असं आपले तज्ज्ञ म्हणतील. मी दहावीतल्या पोरींना ती देते. एकीनं पहिली काही पानं उभ्यानंच वाचली आणि म्हणाली, “यातली मानसं त आपल्यासारखीच बोलतेत.” शाळेत ‘मले-तुले’ म्हटलं की हिची वही लाल होते. तिच्या आजीची बोली छापून येते, त्या बोलीला मराठी साहित्यात मान आहे, हे तिला त्या दिवशी कळलं. तिनं पुस्तक पुरतं वाचलं, मग आईला वाचून दाखवलं. आई रडली म्हणे. रडली तर रडली. आमच्या वर्गांत बापानं फवारणीचं औषध पिऊन जीव दिलेली पोरं बसतात. त्यांना दुःखाची ओळख कादंबरीतून होईल म्हणून घाबरणाऱ्यांनी एकदा हजेरीपट घेऊन त्यांच्या घरी जाऊन यावं.

अकरावी-बारावीला सदानंद देशमुखांची ‘बारोमास’ द्यायला हवी. शिकला पण नोकरी नाही, आणि शेती परवडत नाही, असा एकनाथ त्यात आहे. लेखक बुलढाण्याचे, पुस्तकाला 2004चा साहित्य अकादमी पुरस्कार आहे, आणि तरी बुलढाणा-यवतमाळच्या कितीतरी पोरांनी नावही ऐकलेलं नाही.

पहाटे डांबरी रस्त्यावर भरतीसाठी धावणारी पोरं कादंबरीला हात लावत नाहीत, हा समज ‘रारंग ढांग’नं खोटा पाडला. हिमालयात सीमेवरचा रस्ता बांधायला गेलेला तरुण इंजिनिअर आणि लष्करी शिस्त यांची ती टक्कर आहे, प्रभाकर पेंढारकरांनी लिहिलेली. पोरं फौजेसाठी म्हणून नेतात आणि वरच्याचा हुकूम चुकीचा असेल तर काय करायचं हा प्रश्न घेऊन परत येतात. वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ कादंबरी नव्हे, चरित्र आहे, पण कापूसवाल्या प्रत्येक गावात असायलाच पाहिजे. वर्षानुवर्षं एकटा कापूस घेऊन अमेरिकेच्या दक्षिणेतली जमीन निकस झाली, तेव्हा गुलामाच्या पोटी जन्मलेल्या या माणसानं शेतकऱ्यांना भुईमूग आणि रताळी लावायला शिकवलं. एका पोरानं ते पान आजोबांना वाचून दाखवलं, तर आजोबा म्हणाले, “यात नवं काय हाय? कपाशीत तुरीचं तास आमी उगाच टाकत होतो का?” असा आजोबा भेटला की धडा शिकवायची गरजच उरत नाही. पोरींमध्ये शांता शेळक्यांनी मराठीत आणलेली ‘चौघीजणी’ कधी जागेवर सापडत नाही. प्राण्यांचं वेड असलेल्यांना विलास मनोहरांचं हेमलकशाचं ‘नेगल’ आणि व्यंकटेश माडगूळकरांचं ‘नागझिरा’ द्या. भंडारा-गोंदियाचं जंगल पुस्तकात भेटलं की पोरं चरकतात, आपलं रान कोणी इतकं निरखून पाहिलं! नवेगावबांधला वर्षानुवर्षं राहिलेल्या मारुती चितमपल्लींची पुस्तकंही या वयाला पेलतात. फास्टर फेणेही चालतो. पुण्याचा असला तरी धावतो जोरात. पण तो सातवीपर्यंतच.

मिलिंद बोकिलांच्या ‘शाळा’बद्दल जरा वेगळं सांगावं लागेल. नववीतला मुलगा, वर्गातली मुलगी, आणीबाणीचा काळ. मी ते एका हायस्कुलाला भेट म्हणून देऊ केलं, तर “मॅडम, हे आमच्याकडे नको, पोरं बिघडतील” म्हणून परत आलं. त्याच वर्गातल्या पोरांच्या खिशात मोबाईल आहे आणि त्यावर काय काय चालतं हे त्या सरांनाही माहीत आहे. त्यापेक्षा प्रेमात पडलेला, लाजणारा, चुकणारा पोरगा पुस्तकात भेटलेला काय वाईट? तो निदान विचार तरी करतो.

आता कपाटाच्या कुलपाकडे येते, कारण ते तुमच्या हातात आहे.

शाळेतली पुस्तकं डेडस्टॉकला, म्हणजे शाळेच्या मालमत्तेच्या नोंदवहीला लागतात. चार्ज एखाद्या सरांकडे असतो, कारण तीनशे पोरांच्या शाळेला ग्रंथपाल मिळत नाही. पुस्तक हरवलं की तपासणीत शेरा येतो, वसुली निघते. मग सर काय करणार? कुलूप लावणार. त्यांच्या जागी मी असते तर मीही लावलं असतं. केंद्र सरकारच्या 2017च्या सामान्य वित्तीय नियमांत, नियम 215मध्ये, म्हटलं आहे की हजार पुस्तकं वाचायला दिली तर वर्षाला पाच हरवणं वाजवी धरावं, अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जीपणा नसेल तर. असा नियम आपल्या शाळांसाठी स्पष्ट शब्दांत काढा, आकडा पाचाचा दहा करा, आणि फाटलेलं पुस्तक म्हणजे वाचलेलं पुस्तक हे तपासणी करणाऱ्यांना कळवा. याला पैसा लागत नाही. एक शासन निर्णय लागतो.

कायद्याचीही एक गंमत आहे. 2009च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेला वाचनालय हवं, त्यात वर्तमानपत्रं, मासिकं आणि गोष्टींसकट सर्व विषयांची पुस्तकं हवीत, असं लिहिलं आहे. पण तो कायदा सहा ते चौदा वयाचा, आठवीपर्यंतचा. नववीत पाय ठेवला की पोराचा गोष्टींच्या पुस्तकावरचा हक्क संपला! बालभारतीचं ‘किशोर’ 1971पासून निघतं, फार चांगलं मासिक आहे, जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचता येतात. पण तेही पोर चौदाचं होईपर्यंतच पुरतं, पुढे काय?

पुढे माझं वाचनालय असायला हवं. पण 1967च्या ग्रंथालय कायद्याखालची आम्ही मंडळी उच्च व तंत्रशिक्षण खात्यात, आणि शाळा तुमच्या खात्यात. हायस्कूल आणि वाचनालय यांच्यात एक रस्ता आडवा आहे, मंत्रालयात मात्र दोन मजले असावेत. (मानधनाबद्दल या पत्रात लिहीत नाही, ते खातं वेगळं.) दोन्ही खात्यांनी मिळून एवढं करावं: गावात मान्यताप्राप्त वाचनालय असेल तर हायस्कुलाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला तिथे फुकट सभासद करावं आणि त्या बदल्यात वाचनालयाला दरवर्षी किशोरवयीन पुस्तकांसाठी वेगळी रक्कम द्यावी. निंदणाच्या एका दिवसाच्या मजुरीत एक बरी कादंबरी येत नाही, तेव्हा पालकांनी विकत घ्यावी हे कोणी सुचवू नये.

पुस्तकं कोणी निवडायची हा खरा भांडणाचा मुद्दा. वरून एकगठ्ठा खरेदी होते, पेट्या येतात, आणि पेटीत जे असतं ते वर लिहिलंच आहे. दर जिल्ह्यात शासनाचा ग्रंथोत्सव भरतो. त्याला पोरांना दिंडीत नाचवायला नेतात. एकदा नुसतं खरेदीला न्या. प्रत्येक हायस्कुलातून आठ-दहा पोरं-पोरी, एक शिक्षक, हातात शाळेच्या नावाचं कूपन, आणि निम्मी पुस्तकं पोरांनीच निवडायची. काही भुताखेतांची आणतील, काही रहस्यकथा आणतील. आणू द्या. भुताच्या गोष्टीपासून ‘धग’पर्यंत पोचलेली पोरं मी पाहिली आहेत; संस्कारकथांपासून कुठेही पोचलेलं कोणी पाहिलेलं नाही. कोलाम आदिवासींच्या पोडावरून, म्हणजे वस्तीवरून, येणाऱ्या पोरांसाठी त्यांच्या बोलीतली एकही कादंबरी माझ्याकडे नाही. ती कशी लिहिली जाईल हे त्यांच्यातल्याच शिकलेल्या पोरांना बोलावून विचारा, मी सांगणं बरोबर नाही.

पोरींसाठी आणखी एक. शाळा सुटल्यावर मानव विकासची, म्हणजे पोरींना शाळेत ने-आण करणारी सरकारी योजनेतली, निळी बस येईपर्यंत त्या व्हरांड्यात नुसत्या बसून असतात. तेवढा वेळ कपाट उघडं ठेवा आणि वही नववीच्या दोन पोरींकडे द्या. नोंदी त्या आमच्यापेक्षा नीट ठेवतात.

आणि उन्हाळा. आमच्याकडे शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडते, ऊन तसं असतं. वेचणी संपलेली, वावरात काम नाही, दुपारी बाहेर पडता येत नाही. वर्षातून पोरांना सलग वाचायला सवड मिळते ती याच दिवसांत, आणि नेमका तेव्हाच शाळेसकट कपाटाला कुलूप असतं. निकालाच्या दिवशी प्रत्येकाच्या हाती प्रगतिपुस्तकासोबत तीन-तीन पुस्तकं द्यायला सांगा, शाळा उघडल्यावर परत घ्यायच्या बोलीवर. मात्र हा आदेश मार्चच्या आत काढा. एप्रिलमध्ये निघाला तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडून शाळेत पोचेपर्यंत सुट्टी लागलेली असते.

आपली,
एका ड वर्ग वाचनालयाची ग्रंथपाल,
जिल्हा यवतमाळ