यंदा घट आपल्या घरात बसले

सांगली,
आश्विन शुद्ध द्वादशी

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर रोज बोलणं होतंच. पण आई, परवा तू विचारलंस, "घर दिसतंय कसं रे आता?" आणि मला धड काही सांगता आलं नाही. फोटो पाठवले, पण फोटोला चुन्याचा वास येत नाही. म्हणून आज दुपारी माजघरात बसून लिहितोय.

आधी भिंतींचं सांगतो, कारण खरी सजावट तिथूनच सुरू झाली. २०१९ च्या पुरात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५ ची. पाणी ओसरल्यावर मी घाईघाईने भिंतींना तेलरंग मारून घेतला. बाबा, तुम्ही तेव्हाच म्हणाला होता, "ओलीला बाहेर पडायला वाट ठेव." मी ऐकलं नाही. ओल आत कोंडली, लोणा फुटला आणि पोपडे धरले. २०२१ ला पुन्हा पाणी आलं, तुम्ही ताईकडे साताऱ्याला गेलात, आम्ही विश्रामबागला भाड्याच्या घरात राहिलो आणि गावभागातलं घर तसंच पडून राहिलं. या उन्हाळ्यात सगळा तेलरंग खरवडून काढला. पावसाळाभर वरच्या खोल्यांत राहिलो. खालच्या भिंती नुसत्या उघड्या ठेवल्या, काही लावलं नाही. भाद्रपदात ऊन पडायला लागलं तसा कळीचा चुना पिंपात भिजत घातला. चार दिवसांनी फडक्यातून गाळला, त्यात डिंक आणि चिमूटभर नीळ घालून दोन हात दिले. ओला असताना चुना फिका, मळकट दिसतो. मला वाटलं फसलंच. सकाळी उठून बघतो तर माजघर पांढरंशुभ्र! कोनाड्याच्या आत उजेड पोहोचत नाही, तिथेसुद्धा एक निळसर उजेड आहे. तू हात फिरवून बघशील तेव्हा कळेल.

घट बसायच्या आधीचं धुणंही तुझ्याच पद्धतीने केलं. वाकळा, चादरी, पडदे, देवाची वस्त्रं, सगळं. आश्विनातलं ऊन कसं चटका देतं ते तुला माहीत आहे. वाकळा दोन दिवस गच्चीवर टाकल्या, त्यांतली पावसाळ्याची सगळी कुबट घाण निघून गेली. संध्याकाळी घाटावर गेलो होतो. कृष्णा आता निवळलीये, पायरीखालचे दगड दिसतात. श्रावणात गढूळ होऊन दारापर्यंत येणारी ती हीच का, असं वाटावं इतकी शांत.

घटाची माती हरिपूरकडच्या एका हळदीच्या रानातून आणली. हळद आता कमरेला लागते, पानं हिरवीगार आहेत. बाबा, तुम्ही पेढीवर दिवाणजी होता तेव्हा तुमच्या सदऱ्याला जो वास यायचा, तो बांधावर पान चुरगळल्यावर आला. माती चाळून घेतली, पत्रावळीवर पसरली, मधे कलश ठेवला आणि भोवती गहू, ज्वारी, मका, मूग असं धान्य पेरलं. तिसऱ्या माळेला पांढरी टोकं दिसली. सहाव्या माळेला वीतभर उगवलं. कोनाड्यात उजेड कमी, म्हणून आलेलं सगळं पिवळं धमक. तुझी नात शाळेतून आली की दप्तर न काढता आधी तिथे जायची. पाणी घालायचं काम तिच्याकडेच होतं, आणि नऊ दिवसांत एकदाही विसरली नाही. पहिली माळ विड्याच्या पानांची, मग झेंडू, शेवंती, तरवड. कारळ्याची फुलं मात्र खूप शोधावी लागली. शेवटी मिरज रस्त्याच्या एका बाईंकडे टोपलीच्या तळाशी ओंजळभर मिळाली.

कडाकणी अष्टमीला बांधली. सूनबाईने पीठ भिजवलं, मी लाटलं. वेणी, फणी, करंडा, सगळे आकार केले. वेणीचे पेड सारखे पडत नव्हते, तीन वेळा मोडून केली. आई, तुझी वेणी तेलात सोडल्यावर सुटत नाही, आमची सुटत होती. पीठ सैल झालं होतं का, ते तूच सांग. पण दोऱ्यात ओवून घटावर फुलोरा बांधला आणि समईच्या उजेडात त्याची सावली त्या पांढऱ्या भिंतीवर पडली, तेव्हा आम्ही तिघं बराच वेळ तिथेच बसून राहिलो. पाच वर्षांहून जास्त झाली ती सावली बघून.

आता एक गोष्ट आहे, ती फोनवर सांगायला जमली नाही. माजघराच्या लाकडी खांबावर पुराच्या दोन रेघा होत्या. भिंतीवरच्या चुन्याखाली गेल्या, पण लाकडात मुरलेल्या तशाच राहिल्या. सगळे म्हणाले राहू देत, आठवण आहे. मी घासून काढल्या. आई, २०२१ ला जाताना तू त्या खांबाला टेकून म्हणालीस, "हे बघितलं की पोटात गोळा येतो." ते माझ्या डोक्यातून गेलं नाही. पॉलिशपेपरने घासून खांबांना अळशीचं तेल पाजलं. आता लाकडाच्या नुसत्या शिरा दिसतात. बाबा, तुम्हाला माप हवं असणार हे ठाऊक आहे. घासण्याआधी टेपने मोजलं. उंबऱ्यापासून ६ फूट २ इंच आणि ३ फूट ९ इंच. जिन्याच्या दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने साल घालून लिहून ठेवलंय. विजेची बटणंही त्या वरच्या मापाच्या वर घेतलीत, आणि पावसाळ्यात खालचं सामान माळ्यावर चढवायची यादी करून ठेवलीये.

दसऱ्याला मारुती रोडवर नेहमीसारखी पिवळी-केशरी गर्दी. बाजारात प्लॅस्टिकच्या फुलांची तोरणं ढिगाने आलीत. एकदा घेतली की दरवर्षी तीच लावता येतात म्हणे. मला ती दारावर नकोतच. आश्विनात जे फुलतं तेच दाराला लागलं पाहिजे, वाळलं की उतरवावं. ते दारावर किती दिवस टिकतं, यात काही नाही. झेंडू आणि आंब्याची पानं मीच ओवली, मधेमधे शिराळ्याकडच्या भाताच्या लोंब्या बांधल्या. काल तोरणातलं एक फूल सुकलेलं काढून नातीला चुरडून दाखवलं. एकेक काळी काडी, वर पांढरट शेंडा, हे बी. तिने कागदाच्या पुडीत भरून वर "पुढचा दसरा" असं लिहून ठेवलंय.

आपट्याची पानं बघून घेतली. बाजारात निम्मी कांचनाची असतात. कांचनाचं पान मोठं, चीर खोल. आपट्याचं लहान, जाडसर, लांबीपेक्षा रुंद. फांदी न घेता पानंच घेतली, घरटी एक याप्रमाणे. बाबा, तुम्ही ओरबाडू देत नव्हता ना, तेच डोक्यात होतं. घटाचा तुरा टोपीत खोवून सोनं द्यायला गेलो. गल्लीतल्या प्रत्येक घरात पहिला प्रश्न, "आई-बाबा कधी येणार?"

तोच माझाही प्रश्न आहे. कोजागिरी ताईकडे करा, तिने दूध आटवायचं ठरवलंच आहे. पण वसुबारसेला इथे या. मी गाडी घेऊन न्यायला येतो, एस.टी.ची दगदग नको. बाबा, तुमची खाट खाली लावलीये, जिना चढायचा नाही. शिडीवरही चढायचं नाही, हे आत्ताच कबूल करा. वरचं सगळं मी करतो, तुम्ही खालून सांगा. पायऱ्यांना गेरू देऊन ठेवतो. आई, उंबऱ्यासमोरची रांगोळी तुझी. नातीला ज्ञानकमळ शिकायचंय, आणि मला ते येत नाही. किल्ल्याची माती अंगणात आणून टाकलीये, वर हळीव पेरायचं काम तिने घेतलंय.

आकाशकंदिलाच्या कामट्या तासून ठेवल्यात. घोटीव कागद आणलाय, लाल आणि पांढरा. सांगाडा बांधायला बसलो होतो, पण सहावा कोन जुळताना पहिला सुटतो. तुम्ही दोऱ्याचा वेढा उलटा घेत होता की काय, ते आठवेना. सोडून दिलं. कामट्या माळ्याखाली खुंटीला बांधून ठेवल्यात. तुम्ही आल्यावर आपण दोघं बांधू, खळ आई शिजवेल.

बाबांच्या गुडघ्याचं तेल संपलं असेल तर कळवा, येताना आणतो. ताईला नमस्कार, मुलांना आशीर्वाद. सोबत सोन्याची दोन पानं पाठवतोय.

तुमचा मुलगा