‘सर्टिफिकेट तपासू नका’ हा सल्ला फलकावरून काढा

महोदय,

प्रवेशाचे दिवस आले की मिरजेतल्या माझ्या मोबाईल-लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडून शिकायला आलेली मुलंमुली येऊ लागतात. तक्रार ठरलेली: ‘ताई, कॉलेजचं वायफाय लागत नाही, ऑथेंटिकेशन प्रॉब्लेम दाखवतंय.’ त्यांना उपाय आधीच कुणीतरी सांगितलेला असतो. एका वसतिगृहात तर तो छापून फलकावर लावलाय: सीए सर्टिफिकेटच्या (सर्व्हरची ओळख पडताळणाऱ्या प्रमाणपत्राच्या) जागी ‘डू नॉट व्हॅलिडेट’, म्हणजे ‘तपासू नका’, निवडा. या सल्ल्याने मी अस्वस्थ आहे, म्हणून हे पत्र.

घरच्या वायफायला सगळ्यांचा मिळून एक पासवर्ड असतो. कॉलेजच्या डब्ल्यूपीए-२ एंटरप्राइझ जाळ्यात प्रत्येकाचं नाव आणि पासवर्ड वेगळा, तो कॉलेजचा रेडियस सर्व्हर, म्हणजे लॉगिन तपासणारा संगणक, तपासतो. पण फोननेही त्या सर्व्हरला तपासायचं असतं. मीटर बघायला आलेल्या माणसाकडे आपण ओळखपत्र मागतो, तसं हे सर्टिफिकेट. ते बघायचंच नाही म्हटलं, तर त्याच नावाचं खोटं वायफाय शेजारच्या खोलीतून कुणीही सुरू करावं आणि फोनने मुकाट्याने त्याला उत्तर द्यावं. पासवर्ड तसाच उघडा जात नाही, हे खरं. पण या जाळ्यांत सर्रास वापरली जाणारी एमएस-चॅप व्ही२ ही पासवर्ड पडताळण्याची पद्धत फोडता येते, हे २०१२ सालच्या डेफकॉन या हॅकर्सच्या परिषदेत दाखवून झालंय. आणि बहुतेक मुलांचा तोच पासवर्ड कॉलेजच्या ईमेललाही असतो.

गूगलने अँड्रॉइड ११ च्या डिसेंबर २०२० मधल्या अपडेटमध्ये आपल्या पिक्सेल फोनवरून ‘डू नॉट व्हॅलिडेट’ हा पर्यायच काढून टाकला. आता अनेक नव्या फोनांत तो दिसत नाही; उलट ‘डोमेन’ (सर्व्हरचं नाव) हा रकाना भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. तिथे काय लिहायचं ते फक्त कॉलेजला ठाऊक. ते फलकावर नसतं, म्हणून वडिलांनी कर्ज काढून घेतलेला नवा फोन बिघडलाय असं समजून मुलगी रडवेली होऊन माझ्याकडे येते.

खरी कारणं बहुतेक वेळा साधी असतात. जुन्या लॅपटॉपचा मदरबोर्डवरचा सेल संपला की तारीख कित्येक वर्षं मागे जाते. मग सर्टिफिकेट त्या तारखेला अजून सुरूच झालेलं नसतं, आणि लॅपटॉप ते नाकारतो. पासवर्ड कितीही वेळा टाका, उपयोग शून्य. सेल बदलला, तारीख लावली, की काम झालं. असे लॅपटॉप मी फॉरमॅट करून आणलेले पाहिलेत. पोरांचे पैसेही गेले आणि प्रोजेक्टच्या फायलीही.

पासवर्ड बदलल्यावर जुना फोन मागे जुनाच पासवर्ड पाठवत राहतो आणि खातं लॉक होतं. तिथे नेटवर्क ‘फर्गेट’ करून नव्याने जोडावं लागतं. कॉलेजने मॅक पत्त्यांची (प्रत्येक उपकरणाच्या वायफाय ओळख क्रमांकांची) नोंद ठेवली असेल तर अँड्रॉइड १० पासूनचे फोन आणि आयओएस १४ पासूनचे आयफोन वेगळाच पत्ता पुढे करतात. त्या नेटवर्कपुरता खरा पत्ता निवडावा. आणि फक्त संध्याकाळी, सगळे खोलीवर परतल्यावर अडत असेल, लॅपटॉपचा आयपी (जाळ्यातला पत्ता) १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर पासवर्डचा दोष नाही; जाळ्याकडून पत्ताच मिळालेला नाही. नेहमीच्या मांडणीत एका जाळ्याला २५४ पत्ते मिळतात. ते संपले तर वाढवायचे कुणी? हे काम मुलांचं नव्हे.

सांगली-मिरजेतल्या महाविद्यालयांना माझी कळकळीची विनंती आहे. फलकावर सर्व्हरचं डोमेन, सर्टिफिकेट कुठून घ्यायचं आणि ईएपी (लॉगिनची) पद्धत कोणती, एवढं मराठीत लिहा. फोनवर फक्त ‘प्रॉब्लेम’ दिसतो. नाव चुकलं, खातं लॉक झालं की सर्टिफिकेटवर गाडी अडली, याचा माग रेडियस सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदींत, लागतो. तो वाचणारा एक माणूस प्रवेशाच्या महिन्यात रोज तासभर मुलांसाठी बसवा. आणि तो छापील कागद आजच काढा.

— एक दुरुस्ती व्यावसायिक, मिरज (जि. सांगली)