आधी जाहिरातींची जबाबदारी घ्या, मग अ‍ॅडब्लॉकर काढायला सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अ‍ॅडब्लॉकर, म्हणजे वेबसाइटवरच्या जाहिराती अडवणारा प्रोग्राम, याविषयीचे आपले निवेदन कालच्या अंकात वाचले. जाहिराती अडवून वेबसाइट वाचणारे लोक पत्रकारांच्या पोटावर पाय देतात, असा त्याचा सूर आहे. राग आला, म्हणून लिहिते आहे. आमच्याकडे आपला अंक सासऱ्यांच्या वेळेपासून येतो आणि पेपरवाल्याचे बिल आम्ही कधी थकवलेले नाही. आम्हाला फुकटात काही नको.

आमच्या घरात अ‍ॅडब्लॉकर का आला, ते ऐका. सासूबाईंनी ऐंशी ओलांडली आहे. छापील बारीक अक्षर त्यांना दिसत नाही, म्हणून त्या टॅबवर अक्षर मोठे करून आपलीच वेबसाइट वाचतात. आधी निधनवार्ता, मग ठाण्याचे पान. एका दुपारी निधनवार्ता वाचता वाचता स्क्रीन लालभडक झाला, टॅब थरथरू लागला. 'तुमच्या मोबाइलमध्ये व्हायरस आहेत, ताबडतोब साफ करा' आणि खाली मोठे हिरवे बटण. बंद करायची फुली होती, पण वरच्या कोपऱ्यात, पांढऱ्यावर फिकट राखाडी. माझ्याही डोळ्यांना ती सापडायला वेळ लागला. सासूबाईंनी हिरवे बटण दाबले. पेपरात आलेले खरे असते, हे त्या जन्मभर मानत आल्या आहेत आणि ती सूचना त्यांच्या दृष्टीने पेपरातच आली होती.

कसले तरी अ‍ॅप उतरले. मग टॅब नुसता पडून असला तरी त्यावर रमीच्या आणि झटपट कर्जाच्या जाहिराती सुरू. मी तुर्भ्याहून ठाण्याला परतत होते, लोकलमध्ये ऐरोलीच्या आसपास त्यांचा फोन आला. आवाज कापत होता. "अगं, माझी पेन्शन गेली का बघ गं." पैसे गेले नव्हते, पण त्या रात्री त्या जेवल्या नाहीत. भाच्याने ते अ‍ॅप काढले, दुसरा ब्राउझर घातला आणि त्यात अ‍ॅडब्लॉकर बसवून दिला. आता त्याच टॅबवर आपली पाटी झळकते : अ‍ॅडब्लॉकर बंद करा, तरच बातमी दिसेल. सासूबाई विचारतात, "करू का बंद?" संपादक महोदय, काय सांगू मी त्यांना?

सासरे गेले तेव्हा श्रद्धांजलीची दोन बोटांएवढी जाहिरात द्यायला मी आपल्या ठाण्यातल्या जाहिरात केंद्रात गेले होते. तिथल्या गृहस्थांनी मृत्यूचा दाखला पाहिला, माझे ओळखपत्र पाहिले, फोटोच्या मागे नाव लिहून घेतले. 'शोकाकुल'खाली दिरांचे नाव होते, तर त्यांना विचारले आहे का, हेही विचारले. मला त्याचे वाईट वाटले नाही, उलट आदर वाटला. उद्या कोणी जिवंत माणसाची निधनवार्ता छापून आणली तर काय, ही काळजी त्यामागे होती. मग वेबसाइटवर व्हायरसची खोटी भीती घालणाऱ्याचा दाखला कोण तपासतो?

कोणीच नाही, हेच खरे दुखणे आहे. पान उघडता उघडता, डोळ्याचे पाते लवण्याआधी, त्यावरच्या जागेचा लिलाव होतो आणि जो जास्त बोली लावतो त्याची जाहिरात येते. मधे दलालांची साखळी असते. कोणाच्या टॅबवर काय दिसले, हे आपल्या जाहिरात विभागालाही सांगता येणार नाही. पेपर टाकणारा मुलगा दाराच्या कडीला अंक अडकवून जातो, घरात शिरून कपाट उघडत नाही. वेबसाइटवरून येणाऱ्यांना ती मर्यादा कोण घालणार?

बाहेरच्या मोठमोठ्या माध्यमांचेही यात हात पोळले आहेत. 'फोर्ब्स'ने वाचकांना अ‍ॅडब्लॉकर काढायला लावला आणि जानेवारी २०१६ मध्ये, तो काढून पान उघडणाऱ्या एका संगणक सुरक्षा तज्ज्ञापुढेच जाहिरातीतून घातक सॉफ्टवेअर आले. त्याच वर्षी मार्चमध्ये 'न्यू यॉर्क टाइम्स' आणि 'बीबीसी'च्या वेबसाइटवरच्या जाहिरातींतून, संगणकातल्या फायली अडवून खंडणी मागणारे प्रोग्राम पसरवण्याचा प्रयत्न झाला. जर्मनीच्या 'बिल्ड' या दैनिकाने ऑक्टोबर २०१५ पासून अ‍ॅडब्लॉकरवाल्यांना दार बंद केले, पण महिना २.९९ युरो भरून कमी जाहिरातींत वाचायची सोयही ठेवली. त्यांची मालक कंपनी अ‍ॅक्सेल स्प्रिंगर अ‍ॅडब्लॉकरविरुद्ध कोर्टात गेली. तिथल्या संघीय न्यायालयाने २०१८ मध्ये अ‍ॅडब्लॉकर पुरवणे ही अनुचित स्पर्धा नाही, असा निकाल दिला.

'अ‍ॅडब्लॉक प्लस' नावाचा अ‍ॅडब्लॉकर बनवणारी कंपनी मोठ्या जाहिरात कंपन्यांकडून पैसे घेऊन त्यांच्या काही जाहिराती आत सोडते, हे मला ठाऊक आहे. त्यांची वकिली मी करत नाही. बातमीदाराला पगार मिळालाच पाहिजे आणि त्यासाठी जाहिराती लागतात, हेही मान्य. सोन्याच्या दुकानाची, साड्यांच्या सेलची जाहिरात आम्ही आवडीने बघतो. पण आपोआप आवाज करणारे व्हिडिओ, पान झाकणाऱ्या चौकटी, मोबाइलवरच्या मजकुराच्या तीस टक्क्यांहून जास्त जागा खाणाऱ्या जाहिराती या जाहिरात आणि इंटरनेट कंपन्यांच्याच 'कोअलिशन फॉर बेटर अ‍ॅड्स'ने त्याज्य ठरवल्या आहेत. तेवढे तरी पाळा. फसवी जाहिरात दिसली तर कळवायला एक फोन नंबर द्या आणि तो उचलणारा माणूस ठेवा. आणि जो अंक विकत घेतो, त्याला वेबसाइट या जाहिरातींशिवाय वाचू द्या. बक्षीस योजनेची कूपने आपण रोज छापताच, तसे महिन्याला एक कोड असलेले कूपन छापणे अवघड नाही. हे झाले की सासूबाईंच्या टॅबवरचा अ‍ॅडब्लॉकर मी स्वतः काढीन.

जाता जाता आणखी एक. ठाण्यात पाणी बंद राहणार असल्याची बातमी आपल्याकडे बऱ्याचदा त्याच दिवशी सकाळी येते, तीही बिल्डरच्या अर्ध्या पानी जाहिरातीखाली दोन ओळींत. तोवर नळ गेलेला असतो. ही बातमी आदल्या दिवशीच्या अंकात, ठाण्याच्या पानावर सगळ्यात वर द्यावी.

आपली,
एक जुनी वाचक,
नौपाडा, ठाणे (पश्चिम)