खालच्या काकूंना, बादलीतल्या पंच्यासाठी

प्रिय काकू,

हे समोर बसून सांगायला गेले असते तर तुम्ही "पुरे गं" म्हणत चहाचं आधण ठेवलं असतंत आणि मी गप्प बसले असते. म्हणून लिहिते आहे, आणि चारचौघांत लिहिते आहे. तुमची भाची वाचून दाखवेलच.

नौपाड्यातली आपली बिल्डिंग चाळिशीला आली. माझ्या बाथरूमचं पाणी दोन पावसाळे तुमच्या बाथरूमच्या छतातून उतरत होतं. सोसायटीत लेखी तक्रार द्या, असं तुम्हाला दोघातिघांनी सुचवलंही होतं. तुम्ही मात्र जिना चढून वर आलात, बाबांच्या गुडघ्यांची चौकशी केलीत आणि मला म्हणालात, "घाई करू नकोस, पण एकदाच नीट करून घे."

अक्षय्य तृतीया झाली आणि काम काढलं. पंधरा दिवसांचं काम नऊ आठवडे चाललं. पहिला मिस्त्री तोडफोड करून, ॲडव्हान्स घेऊन गावी गेला तो परत आलाच नाही. भिंत फोडली तर आतले जीआयचे, म्हणजे जस्ताचा थर दिलेले लोखंडी पाइप इतके गंजलेले की हात लावला तरी पोपडे सुटत होते. लाद्यांचे सहा बॉक्स कमी पडले आणि नव्या बॅचची शेड वेगळी निघाली. या सगळ्या दिवसांत बाबा रोज सकाळी तुमच्याकडे अंघोळीला उतरायचे. त्यांना खाली बसता येत नाही हे तुम्ही पहिल्याच दिवशी बघितलंत, आणि दुसऱ्या दिवसापासून आत स्टूल मांडलेला असायचा.

एवढ्यावरच आभार मानून थांबता आलं असतं. पण मला सांगायचंय ते शनिवारच्या रात्रींबद्दल.

आम्ही पाच जण 2020च्या जूनपासून एकत्र व्हॅलोरंट खेळतो, म्हणजे पाचाविरुद्ध पाच असा ऑनलाइन नेमबाजीचा गेम. गेम तेव्हा नुकताच आला होता आणि लॉकडाऊन होता. एक मैत्रीण पुण्यात, एक नागपुरात, एक मित्र मस्कतला, माझा भाऊ बंगळुरूला. ऐरोलीच्या ऑफिसातून घरी आलं की आठवडाभर कुणाशी धड बोलणं होत नाही. शनिवारी रात्री दहाला मात्र पाचही जण हजर. काम सुरू झालं आणि छिन्नीखाली इंटरनेटची केबल तुटली. घरभर सिमेंटची धूळ, बाबांचे हाल, रोजचा खर्च. मी टीमला कळवून टाकलं की काम संपेपर्यंत माझ्याशिवाय खेळा. घर फुटलेलं असताना गेम खेळत बसणं मलाच लाजिरवाणं वाटत होतं.

हे बाबांनी तुम्हाला सांगितलं असणार. त्या शनिवारी तुम्ही हॉलमधलं टेबल खिडकीशी ओढून ठेवलं होतंत, पंखा त्याच्याकडे वळवला होतात आणि राउटरचा पासवर्ड कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवला होतात. मी समजावून सांगितलं की ही मॅच मध्येच थांबवता येत नाही. एक जण उठला तर उरलेल्या चौघांना पाचांशी खेळावं लागतं. तुम्ही म्हणालात, "म्हणजे पूजेसारखंच. एकदा बसलं की उठायचं नाही." या गेमबद्दल इतकं सरळ आजवर कुणी बोललं नव्हतं. नंतर तुम्ही बाजूला बसून बघायला लागलात. स्पाइक म्हणजे गेममधला बॉम्ब, तो लावल्यावर पंचेचाळीस सेकंद मिळतात, निकामी करायला सात लागतात, समोरच्याच्या पावलांचा आवाज कान देऊन ऐकावा लागतो, हे सगळं तुम्ही विचारून घेतलंत.

मग आली ती पाण्याची चाचणी. नव्या मिस्त्रीने कोबा, म्हणजे विटांचे तुकडे आणि सिमेंटचा थर, घालून वॉटरप्रूफिंग केलं आणि एक रात्र पाणी भरून ठेवू, पुरे म्हणाला. तुम्ही दोन पूर्ण दिवसांवर अडून बसलात. न्हाणी ट्रॅपचं, म्हणजे सांडपाणी जायच्या जाळीखालचं, तोंड बंद करून चार बोटं पाणी भरलं, आणि तुम्ही कपाळावरची टिकली काढून पाण्याच्या रेषेवर भिंतीला चिकटवलीत. खाली तुमच्या छतावर ओलीचा डाग होता, त्याच्या कडेने मला खडूने रेघ मारायला लावलीत आणि शेजारी तारीख लिहायला लावलीत. जुनी ओल लगेच जात नाही, कोब्यातल्या विटा पाणी धरून ठेवतात. त्यामुळे डाग आहे की नाही हे न बघता रेघेबाहेर जातोय का ते बघायचं, हे तुम्ही मला शिकवलंत. मिस्त्रीवर माझा राग नाही. ठेक्याने काम करणाऱ्याचे थांबलेले दोन दिवस बुडतातच. आम्ही त्याला त्या दिवसांचे पैसे दिले, मग तोही शांतपणे थांबला. काम काढणाऱ्या प्रत्येकाने हे आधीच ठरवून घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

तो शनिवार होता. रात्री मी तुमच्या हॉलमध्ये, स्कोअर 12-12. पुढे सलग दोन राउंडची आघाडी मिळेपर्यंत मॅच चालते. तुम्ही उठून आत गेलात ते मला जाणवलंही नाही. आम्ही 15-13 ने हरलो. मी हेडफोन काढला. तुम्ही आधी विचारलंत, "हरलात का?" मग म्हणालात, "बरं. आता इकडे ये."

डाग खडूची रेघ ओलांडून वीतभर पुढे गेला होता आणि पाइपाच्या कडेने थेंब पडत होते. खाली बादली, आणि बादलीत तुमच्याकडचा जुना पंचा घडी करून घातलेला. मी विचारलं, पंचा कशाला? तुम्ही म्हणालात, "टपटप वाजत होतं. तुला पावलं ऐकू यायला हवीत ना."

माझ्या कानावर हेडफोन होता, काकू. मला ते टपटप ऐकूच आलं नसतं. पण तुमच्या डोक्यावरचं छत माझ्या घरामुळे गळत होतं आणि तुम्ही पाऊण तास त्याच्याखाली माझ्या मॅचसाठी आवाज मिटवत उभ्या होतात. वर गेलो तेव्हा पाणी टिकलीच्या दोन बोटं खाली गेलं होतं.

सकाळी मिस्त्रीला पाइप भिंतीतून बाहेर जातो तिथली फट सापडली. तेवढा भाग पुन्हा फोडला, पाइपाभोवती ग्राउट भरलं, कोपऱ्यांना गोलाई दिली, वॉटरप्रूफिंगचे दोन हात नव्याने मारले. पुन्हा पाणी, पुन्हा नवी टिकली. दोन दिवसांनी पाणी केसभर उतरलं होतं, तेही वाफेनं. खालची रेघ तशीच. लाद्या बसवताना मिस्त्री टिकली काढायला निघाला तर बाबांनीच त्याला थांबवलं. ती आता तिसऱ्या लादीच्या मागे आहे.

तुमच्या छताला इतक्यात रंग नको, स्लॅब आतून पूर्ण वाळू दे, असं रंगारी म्हणतो. नवरात्राच्या आधी करून घेऊ. खर्च माझा, त्यावर वाद घालू नका. पंचा धुऊन इस्त्री करून ठेवलाय.

शनिवारी दहाला मॅच आता वरती असते. तुमची खुर्ची माझ्या उजव्या हाताला, पंख्याखाली ठेवली आहे. मस्कतचा मित्र दर वेळी विचारतो, काकू आल्या का?

तुमची,
वरची