कुंभक कोणाच्या नजरेखाली?

नाशिक

चि. ऋचा,
अनेक आशीर्वाद.

व्हिडिओ बघून १:४:२ चं अनुलोम-विलोम सुरू केलंस आणि कान भणभणायला लागले, चिडचिड वाढली, असं म्हणालीस. प्रमाण चुकीचं नाही, जुन्या शिकवणुकीतलंच आहे. फक्त ते तुला कोणी दिलेलं नाही, तू उचललंस. पूरक (श्वास घेणं) ४, कुंभक (कोंडणं) १६, रेचक (सोडणं) ८ हे एका ओळीत लिहून होतं. जाणकार शिक्षक तिथवर न्यायला महिनोन्महिने घेतात, आणि तोवर शिष्याला श्वास कोंडूच देत नाहीत.

आधी शवासनात पडून नुसता उज्जायी, म्हणजे घसा किंचित आवळून हलक्या आवाजाचा श्वास. मग तोच ताठ बसून. मग नाडीशोधन, म्हणजे आळीपाळीने एकेका नाकपुडीने श्वास, पूरक-रेचक समान, ४:४. ते सहज झालं की रेचक दुप्पट, ४:८. इथे शिक्षकाचं लक्ष असतं रेचकाच्या शेवटाकडे. आठ मोजून झाल्यावर पुढचा श्वास हपापून घ्यावा लागला, तर आकडा झेपत नाही. तो लगेच ३:६ वर आणतो. नाकाशी धरलेल्या हाताच्या बाजूचा खांदा वर चढतो, मान तिकडेच कलते, बोट नाकपुडीवर इतकं दाबतं की मधला पडदा सरकतो. डोळे मिटलेले, त्यामुळे करणाऱ्याला यातलं काही कळत नाही. कुंभकात जालंधर बंध (हनुवटी छातीकडे टेकवणं) नसेल तर ताण डोक्याकडे चढतो असं जुने शिक्षक सांगतात, आणि तुझं तेच झालं असावं. तरी चार-पाच दिवसांत कान शांत झाले नाहीत तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखव. ते काम योगशिक्षकाचं नव्हे.

हठयोगप्रदीपिका या जुन्या योगग्रंथात प्राणायामाचा उपदेश सुरू होतो तोच गुरूने दाखवलेल्या मार्गाने करावा, असं सांगून. पुढे म्हटलंय की सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळू वश होतात तसाच वायू. घाई केली तर तो साधकालाच मारतो.

आपल्या त्र्यंबकला निवृत्तिनाथांची समाधी आहे. आदिनाथ, मत्स्येंद्रनाथ, गोरक्षनाथ, गहिनीनाथ, निवृत्तिनाथ ही नावं ज्ञानेश्वरीच्या शेवटी क्रमाने येतात. लोक ती आरतीसारखी म्हणून टाकतात. पण सहाव्या अध्यायात ज्ञानेश्वर आसनाची बैठक सांगतात ती टाच कुठे रोवायची इथपर्यंत. इतका बारकावा शिकवल्याशिवाय येत नाही. माझ्या लेखी परंपरा ती हीच, तसबिरीला हार घालणं नव्हे.

परंपरा म्हणजे नक्कल, असंही समजू नकोस. म्हैसूरला योगगुरू कृष्णम्माचार्यांकडे शिकलेले दोन शिष्य बघ. पुण्याच्या अय्यंगारांच्या पद्धतीत आधी शीर्षासन आणि नंतर सर्वांगासन. शीर्षासनाने चढलेली उष्णता आणि मानेवरचा ताण सर्वांगासनाने उतरतो असं ते शिकवत. पट्टाभि जोईसांच्या अष्टांग क्रमात सर्वांगासन आधी, शीर्षासन नंतर. पण त्यापूर्वी इतर आसनांची पूर्ण मालिका होऊन अंग तापलेलं असतं. दोन्ही आपापल्या जागी ठीक. थंड अंगाने एकीकडचं शीर्षासन करायचं आणि दुसरीकडचा क्रम लावून सर्वांगासन गाळायचं, अशी खिचडी केली की मान धरते. मोबाईलवर बहुतेक हीच खिचडी मिळते.

शिक्षक निवडताना पैसे भरण्याआधी एक वर्ग कडेला बसून बघ. तुम्ही कोणाकडे शिकलात, आणि अजून त्यांच्याकडे जाता का, हे सरळ विचार. चांगल्याला राग येत नाही. रक्तदाब, काचबिंदू, पाठीची गादी, पाळी यांची चौकशी तो आधी करतो आणि वीस जणांना एकच आसन एकसारखं देत नाही. हात लावण्याआधी विचारतो. पद्मासनात गुडघा दुखतोय म्हटल्यावर "सहन कर" म्हणणारा भेटला, तर त्याची परंपरा कितीही मोठी असो, उठून ये. २०० तासांचं प्रमाणपत्र भिंतीवर आहे म्हणून भुलू नकोस. ते महिन्याभरातही मिळतं.

तोवर कुंभक पूर्ण बंद. घोंगडीची चार बोटं रुंद घडी कण्याखाली लांबट घाल, डोक्याखाली आणखी एक घडी, म्हणजे हनुवटी किंचित खाली राहील. दहा मिनिटं उज्जायी, आकडे न मोजता. नवीन शिक्षकांना कानाचं पहिल्याच दिवशी सांग, लपवू नकोस.

तुझे
बाबा