खंदकातली हमाली

प्रिय सुहास,

एकांकिकेचा खर्डा वाचला. पहिल्या महायुद्धात लढलेल्या, इंग्लंडमधल्या अक्रिंग्टन या कापडगिरण्यांच्या गावच्या त्या पोरांवर मराठीत कुणी लिहितंय, तेही तिथून जवळच राहून, याचा मला मनापासून आनंद झाला. पण पहिल्या ओळीपासून गोळीबार सुरू आहे, आणि तिथेच मी अडलो. ही पलटण, म्हणजे अकरावी ईस्ट लँकेशायर, सप्टेंबर 1914 मध्ये उभी राहिली. सक्तीची भरती 1916 मध्ये आली. त्याआधीची ही पोरं आपणहून आलेली, अक्रिंग्टन आणि आसपासच्या गावांतली, कित्येक एकाच गल्लीतली. त्यांनी युद्धात सगळ्यांत जास्त काय केलं असेल, तर हमाली. खणणं, वाहणं, बांधणं, आणि हे सगळं रात्री. ते रंगमंचावर दिसलं पाहिजे.

दिवसाची सुरुवात उजाडण्याच्या आधी तासभर. सगळे फायर-स्टेपवर, म्हणजे खंदकाच्या पुढच्या भिंतीला काढलेल्या दोनेक फूट उंच पायरीवर, संगीन लावून उभे. हल्ला व्हायचा तर पहाटे किंवा संध्याकाळी, म्हणून दोन्ही वेळा हेच. नीट उजाडलं की रम. गॅलनची मातीची बरणी, त्यात 64 जणांचा वाटा, म्हणजे माणशी सत्तर मिलिलिटर. अधिकाऱ्यासमोरच प्यायची, साठवायची नाही.

मग बंदुका. दोरीला चिंधी लावून नळीतून ओढायची, तेल द्यायचं, आणि बोल्टवर कापड गुंडाळून ठेवायचं, कारण चिखलाचा एक थर बसला की बोल्ट सरकत नाही. नळीच्या तोंडात चिखल राहिला आणि तशीच गोळी झाडली, तर नळी फुगते किंवा फाटते. म्हणून तपासणी रोज. दिवसा प्रत्येक तुकडीचा एखाददुसरा पहारेकरी पेरिस्कोपला डोळा लावून, बाकीचे जमेल तिथे झोपलेले. डोकं वर काढायचं नाही. तुझा नायक भर दुपारी भिंतीवर चढून घराकडची पत्रं वाचतो, ते काढून टाक. पत्रं खाली बसूनच वाचायची. आणि त्याने लिहिलेलं पत्र आधी कंपनीचा अधिकारी वाचणार, गावाचं नाव आलं की खोडणार.

अंधार पडला की खरं काम. शिधा घोडागाड्यांवरून मागच्या ठराविक जागेपर्यंत यायचा, पुढे माणसांच्या पाठीवर. पाव, डबाबंद गोमांस, कडक बिस्किटं, जॅम, चहा-साखर, सगळं पोत्यांत भरलेलं. दोन पोत्यांची तोंडं एकमेकांना बांधून खांद्यावर टाकायची, एक पुढे, एक मागे. पोतं भिजलं की चहा, साखर आणि पावाचा चुरा एक व्हायचा. पाणी पेट्रोलच्या दोन गॅलनच्या डब्यांत. डबा नीट जाळून घेतला नसेल तर चहालाही पेट्रोलचा वास, त्यात जंतू मारायला टाकलेल्या ब्लीचिंग पावडरची चव. दोन हातांत दोन डबे म्हणजे वीस किलोच्या वर. दळणवळणाचा खंदक अरुंद आणि नागमोडी, डोक्यावर टेलिफोनच्या तारा लोंबणाऱ्या, पायाखाली फळ्या तुटलेल्या. पुढचा माणूस कुजबुजतो, "वर तार", "खाली खड्डा", आणि ते शब्द ओळीने मागे जातात. मध्येच एकाने पुढे सांगितलं नाही, तर मागचा कंबरेपर्यंत चिखलात. तुझ्या प्रवेशाला याहून चांगले संवाद मला सुचत नाहीत.

पोती रचण्याबद्दल तू विचारलंयस. पोतं तीन चतुर्थांशच भरायचं. गच्च भरलं की गोल होतं, थरांत फटी राहतात आणि भिंत ढासळते. तोंड आत दुमडून खाली दाबायचं, शिवण आतल्या अंगाला, आणि विटांसारखा एक थर आडवा, एक उभा. प्रत्येक थर फावड्याच्या पाठीने ठोकून सपाट. भिंतीला मागे किंचित कल हवा, सरळ उभी भिंत पहिल्या पावसात बसते. बंदुकीची गोळी अडवायला भिंत निदान तीन फूट जाड लागते, वरची एकेरी रांग काही अडवत नाही. हे काम कधी संपायचं नाही, कारण तोफगोळा एका मिनिटात पाडायचा ते पुन्हा उभारायला अख्खी रात्र लागायची.

काटेरी तारेचं काम याहून जिवावरचं. आधी लाकडी खुंट ठोकायचे, आणि तो आवाज शत्रूला ऐकू जायचा. मग पिळाच्या लोखंडी सळया आल्या, त्या दांडा घालून फिरवल्या की जमिनीत उतरतात, आवाज नाही. वर प्रकाशगोळा गेला की जिथे असाल तिथे गोठायचं. हालणारा दिसतो, थांबलेला बहुधा दिसत नाही.

दुसरा प्रवेश तू हिवाळ्यात घेतलायस, तर पायांचा विषय टाळू नकोस. बूट दिवसेंदिवस ओले राहिले की पाय सुजून बधिर होतात, पुढे बोटं काळी पडतात. उपाय ठरलेला: रोज बूट-मोजे काढून पाय पुसायचे, देवमाशाचं तेल चोळायचं, कोरडे मोजे घालायचे, पायाच्या पट्ट्या सैल बांधायच्या. शेकोटीजवळ पाय धरायचे नाहीत. हे जोडीने करायचं, एकाने दुसऱ्याचे पाय चोळायचे, म्हणजे कुणी टाळू शकत नाही. शेजारच्या मागावर काम करणाऱ्याचे पाय मांडीवर घेऊन बसलेला मुलगा, हा प्रसंग मला फार हवाय. 1 जुलै 1916 ला फ्रान्समधल्या सेर गावासमोर याच पलटणीचे सुमारे 720 जण चढाईला निघाले, आणि अर्ध्या तासात त्यांतले 584 मेले, जखमी झाले किंवा सापडलेच नाहीत. कोण कुणाचे पाय चोळत होतं हे प्रेक्षकाने आधी पाहिलेलं असलं, तरच तो आकडा त्याला कळेल.

उवांचं थोडक्यात: शर्टाच्या शिवणीवरून मेणबत्ती फिरवायची. अंडी उरतातच, दोन दिवसांत पुन्हा सुरू.

बदली मात्र नीट दाखव. चार दिवस पुढे, चार आधाराच्या खंदकात, चार मागे, असा साधारण हिशेब, पण तो सतत मोडायचा. आणि मागे म्हणजे विश्रांती नव्हे, रात्री पुन्हा पुढच्यांसाठी ओझी. नवी पलटण आली की यादीवर सही होते: फावडी इतकी, पाण्याचे डबे इतके, रबरी बूट इतके, विषारी वायूचा इशारा द्यायला टांगलेलं तोफगोळ्याचं रिकामं कवच एक. दोन सार्जंट कंदिलाच्या आडोशाला एक फावडं कमी का म्हणून हुज्जत घालताहेत, तेवढ्यात ओळ निघते. माझं ऐकशील तर पडदा या हुज्जतीवर उघड.

नेपथ्याला पायरीची उंची दोनच फूट ठेव, जास्त केलीस तर नट भिंतीच्या वर दिसतील. दुसरा खर्डा झाला की लगेच पाठव.

तुझा,
अनिरुद्ध